उसाचा कोयता आणि जिनिव्हाचा लवाद

१९९१ च्या अखेरीस डंकेल प्रस्ताव आला, तेव्हा महाराष्ट्रात गावोगाव त्यावर सभा झाल्या. शरद जोशींसारखे शेतकरी नेते त्याच्या बाजूने उभे राहिले, डाव्या पक्ष-संघटना विरोधात. बियाण्याचं काय होणार, औषधांच्या किमती किती वाढणार, रेशन राहणार की जाणार, हे प्रश्न तेव्हा बायकांच्या शिबिरांतही विचारले गेले. पुढे १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि हळूहळू हा विषय आपल्या हातून निसटला. तो वकिलांचा, अर्थतज्ज्ञांचा, दिल्लीतल्या अधिकाऱ्यांचा झाला. त्यातही व्यापारी तंटे सोडवणारे जे लवाद जिनिव्हात बसतात, त्यांच्याकडे तर आपण कधी वळून पाहिलं नाही. स्त्री-चळवळीचा त्यांच्याशी काय संबंध, असं आजही कुणी विचारेल.

संबंध आहे. स्त्रियांचे हक्क सांगणारा आंतरराष्ट्रीय करार आणि व्यापाराचे नियम सांगणारा आंतरराष्ट्रीय करार, दोन्हींवर सही एकाच सरकारची आहे. एक मोडला तर देशाला जाब द्यावा लागतो, दंड बसतो. दुसरा मोडला तर अहवाल लिहावा लागतो. हा फरक कुठून आला आणि तो तसाच राहू द्यायचा का, हा आपला प्रश्न आहे.

आधी हे लवाद चालतात कसे ते पाहू. एखाद्या देशाला वाटलं की दुसऱ्या देशाने व्यापाराचा नियम मोडला, तर तो तक्रार करतो. आधी बोलणी होतात. ती फिसकटली की बहुधा तीन जणांचं मंडळ नेमलं जातं, ते निवाडा देतं. त्यावर अपील करायचं तर सात सदस्यांचं अपील मंडळ होतं. १९४७ च्या जुन्या गॅट करारात हरलेला देश निवाडा अडवू शकत असे. १९९५ पासून उलटं झालं : सगळ्या सभासद देशांनी मिळून नाकारला तरच निवाडा रद्द, नाहीतर तो आपोआप मंजूर. आणि हरलेल्या देशाने ऐकलं नाही, तर जिंकलेल्या देशाला त्याच्या मालावर जादा जकात लावायची परवानगी मिळते. म्हणजे या कायद्याला दात आहेत. आंतरराष्ट्रीय कायद्यात अशी गोष्ट विरळा.

आता दुसरी बाजू. देशादेशांमधले करार, सगळ्यांनी पाळायचे रूढ संकेत, माणसाचे मूलभूत हक्क, युद्धाचे नियम, समुद्राचे नियम, पर्यावरणाचे करार, कामगार संघटनेचे ठराव, या सगळ्याला मिळून सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. आपण ज्याला 'सीडॉ' म्हणतो, तो स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याचा १९७९ चा करार यातच येतो. भारताने तो ९ जुलै १९९३ ला मान्य केला. मग व्यापाराचा कायदा या मोठ्या घरातली एक खोली आहे, की कुंपण घातलेला वेगळा बंगला?

हा प्रश्न अपील मंडळासमोर पहिल्याच प्रकरणात आला. अमेरिकेच्या पेट्रोलविषयक नियमांवर व्हेनेझुएला आणि ब्राझीलने तक्रार केली होती. १९९६ च्या निवाड्यात मंडळाने म्हटलं की व्यापाराचा करार बाकीच्या सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्यापासून तोडून, एकटा बाजूला काढून वाचता येणार नाही. तंटे सोडवण्याच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे : करारातल्या शब्दांचा अर्थ आंतरराष्ट्रीय कायद्याच्या रूढ पद्धतीने लावायचा. ती पद्धत १९६९ च्या व्हिएन्ना करारात सापडते आणि ती सांगते की अर्थ लावताना त्या देशांना लागू असलेले इतर संबंधित आंतरराष्ट्रीय नियमही लक्षात घ्या. थोडक्यात, खोली घराचीच आहे. भिंत आहे, पण दारही आहे.

हे दार कधी उघडतं आणि कधी बंद होतं, हे पुढच्या प्रकरणांत दिसतं. कोळंबीचं प्रकरण घ्या. समुद्री कासवं निसटू शकतील अशी सोय जाळ्यात नसेल तर त्या देशाची कोळंबी घेणार नाही, असं अमेरिकेने ठरवलं. भारत, पाकिस्तान, थायलंड आणि मलेशिया तक्रार घेऊन गेले. १९९८ साली अपील मंडळाने पर्यावरणाचे आणि समुद्राचे इतर करार पुढे ठेवून म्हटलं की कासवं ही संपू शकणारी नैसर्गिक संपत्ती आहे आणि तिचं रक्षण करणं हा व्यापाराला अपवाद होऊ शकतो. मात्र अमेरिकेने तो नियम वेगवेगळ्या देशांना वेगवेगळा लावला, म्हणून त्या वेळी ती हरली. पुढे तिने अंमलबजावणी सुधारली आणि २००१ साली मलेशियाची पुढची तक्रार टिकली नाही. इथे दार उघडलं.

२००६ साली ते बंद झालं. युरोपने जनुकीय बदल केलेल्या बियाण्यांना मंजुरी देणं लांबवलं, म्हणून अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिनाने तक्रार केली. युरोपने जैवसुरक्षेच्या कार्टाजेना कराराचा आधार घेतला. मंडळाने सांगितलं की व्यापार संघटनेचे सगळे सभासद जो करार मानतात तोच लक्षात घेण्याचं बंधन आमच्यावर आहे. ही कसोटी सीडॉला लावून पाहा. सीडॉवर अमेरिकेने १९८० साली सही केली, पण तो अजून मान्य केलेला नाही. म्हणजे या मोजमापाने जगातल्या बहुतेक सर्व देशांनी मानलेला स्त्रियांचा करारसुद्धा एका देशापायी दाराबाहेर राहील!

सुदैवाने ते मोजमाप पुढच्या सगळ्यांनी डोळे मिटून वापरलं नाही. ऑस्ट्रेलियाने सिगारेटच्या पाकिटावरून कंपन्यांची रंगीत चिन्हं काढून टाकली, तेव्हा तंबाखू पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या देशांनी तक्रार केली. २०१८ च्या निवाड्यात तंबाखू-नियंत्रणाच्या जागतिक कराराला आणि सार्वजनिक आरोग्यावरच्या २००१ च्या दोहा जाहीरनाम्याला वजन मिळालं आणि २०२० साली अपिलातही ऑस्ट्रेलिया जिंकली.

या सगळ्यातून एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बाकीचा आंतरराष्ट्रीय कायदा या लवादांसमोर येतो तो व्यापाराच्या शब्दांचा अर्थ लावण्यापुरता. 'सीडॉ मोडला' अशी तक्रार तिथे करता येत नाही. करायची तर व्यापाराचा नियम मोडल्याचीच. आणि तीही सरकारच करू शकतं, बाई नाही, संघटना नाही. म्हणून दार उघडं असलं तरी त्यातून आत काय न्यायचं हे सरकार ठरवतं.

मग आपलं सरकार काय नेतं? २०१६ सालचं सौर विजेचं प्रकरण पाहण्यासारखं आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानात काही प्रमाणात देशात बनलेल्याच सौर पेशी आणि पट्ट्या वापरायची अट होती. अमेरिकेने तक्रार केली. भारताने बचावात सांगितलं की हवामान बदलाच्या करारांनी आणि रिओच्या जाहीरनाम्याने आमच्यावर जबाबदाऱ्या टाकल्या आहेत, त्या पाळण्यासाठी हे आम्हाला करावं लागतं, हाही कायदाच आहे. म्हणजे आपल्या सरकारने स्वतःच सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा हातात घेऊन व्यापाराचं दार ठोठावलं. अपील मंडळाने ऐकलं नाही. ते म्हणालं, हे आंतरराष्ट्रीय दस्तऐवज तुमच्या देशात थेट लागू होतात असं तुम्ही दाखवू शकला नाहीत. तुम्ही त्यांना देशांतर्गत कायद्याचं रूप दिलेलं नाही, मग आम्ही त्यांना तुमचा कायदा कसं म्हणायचं?

हा टोमणा आपल्याला लागायला हवा. कारण आपल्या देशात याच्या उलट एक मोठी गोष्ट घडलेली आहे. १९९७ साली विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा नसताना, सीडॉचा आधार घेऊन नियम घालून दिले. करार मान्य केला आहे, मूलभूत हक्कांशी त्याचा विरोध नाही, मग तो आपल्या हक्कांमध्ये वाचायचा, अशी ती भूमिका. पण त्याचा संसदेत कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं. मधली १६ वर्षं आपण मोर्चे काढत होतो, समित्या नेमा म्हणून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होतो. आंतरराष्ट्रीय करारावर सही करायची, परिषदेत भाषण करायचं आणि घरी आल्यावर कायदा करायला विसरायचं, ही सवय सौर प्रकरणात सरकारच्याच अंगाशी आली. बायकांच्या अंगाशी ती रोजच येते.

आता उसाकडे येऊ. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखरेवर तक्रार केली. १४ डिसेंबर २०२१ ला मंडळाचा निवाडा आला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना मर्यादेपेक्षा जास्त आधार दिला, असा ठपका त्यात आहे. ही मर्यादा उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के. निर्यातीसाठीच्या मदतीवरही ठपका आहे. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केलं. पण अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळात सुनावणीपुरते सदस्यच नाहीत. निवाडा त्यामुळे लोंबकळत पडला आहे.

या प्रकरणात भारताचा एक युक्तिवाद असा होता : उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे आपली नेहमीची एफआरपी, सरकार देत नाही, साखर कारखाने देतात. सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नाही, सरकार ऊस विकत घेत नाही, मग हा सरकारी आधार कसा? मंडळाने हे फेटाळलं. दर सरकार ठरवतं, कारखान्यांना तो द्यायला कायद्याने भाग पाडतं, मग पैसे कुणाच्या हातून जातात याला महत्त्व नाही, ही सरकारचीच कृती आहे, असा त्याचा अर्थ. शेतकऱ्याला हमीचा दर मिळू नये असं माझं म्हणणं नाही. तो मिळायलाच हवा, आणि श्रीमंत देशांनी आपल्या शेतीला दिलेली मदत मोजताना हेच नियम किती सैल होतात हेही आपल्याला ठाऊक आहे. माझं लक्ष वेगळ्या जागी आहे. खाजगी हातातून होणाऱ्या गोष्टीची जबाबदारी सरकारवर येते, हे तत्त्व जिनिव्हाने उसाच्या दराला लावलं. उसाच्या फडात काम करणाऱ्या बाईला ते कोण लावणार?

बीड, जालना, अहिल्यानगरकडून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल घेतो नवरा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. बाई पहाटे उठून भाकरी करते, फडात पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. खाडा झाला तर दंड दोघांचा. तळावर संडास नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. मग अंगावरून जातं, पोट दुखतं, कुणीतरी सांगतं की पिशवी काढून टाक, कटकट जाईल. २०१९ साली या प्रश्नावर ओरड झाल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा आपण वारंवार वाचतो, म्हणून तो बोथट होऊ देता कामा नये.

कारखान्याला विचारलं तर कारखाना म्हणतो, ती आमची कामगार नाही, मुकादमाची आहे. मुकादम म्हणतो, मी नवऱ्याला उचल दिली. सरकार म्हणतं, हा खाजगी करार आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च मात्र महाराष्ट्रातले कारखाने शेतकऱ्याच्या एफआरपीतून न विसरता कापून घेतात. म्हणजे तिची मेहनत हिशेबात आहे, फक्त ती स्वतः नाही. दर सरकारी, कारखान्याला परवाना सरकारी, पण बाई खाजगी!

सीडॉ करार याविषयी गप्प नाही. कलम २ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की कोणतीही व्यक्ती, संघटना किंवा उद्योग यांच्याकडून होणारा भेदभाव दूर करणं हे सरकारचं काम आहे. कलम ११ कामाच्या जागी आरोग्याच्या आणि सुरक्षिततेच्या हक्कात प्रजननक्षमतेचं रक्षणही धरतं. कलम १४ ग्रामीण स्त्रीसाठी आहे. जे तत्त्व जिनिव्हाच्या मंडळाने २०२१ साली उसाच्या दराबाबत सांगितलं, ते सीडॉने १९७९ सालीच सांगून ठेवलं आहे. मग फरक काय? एवढाच की त्या दराविरुद्ध तीन देश उभे राहिले आणि त्यांना जायला एक लवाद होता.

सीडॉलाही लवाद आहे, हे आपल्यातल्या अनेकींना माहीत नसतं. कलम २९ सांगतं की करारावरून दोन देशांत वाद झाला आणि तो मिटला नाही तर तो शेवटी आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स यांनी याच कलमाच्या आधारे अफगाणिस्तानला जाब विचारण्याची घोषणा केली, ती त्या देशाने करार मान्य करताना हे कलम वगळलं नव्हतं म्हणूनच. भारताने ते वगळलं आहे. करार मान्य करतानाच आपण सांगितलं की कलम २९ चा पहिला परिच्छेद आम्हाला बंधनकारक नाही. शिवाय एकेका बाईला किंवा गटाला थेट तक्रार करता यावी म्हणून १९९९ साली जो पुरवणी करार झाला, तोही आपण स्वीकारलेला नाही. साखरेच्या प्रश्नावर परक्या देशांना आपल्याला लवादात खेचू देणारं सरकार, बाईच्या प्रश्नावर मात्र सार्वभौमत्वाची ढाल पुढे करतं. याला काय म्हणायचं?

इथे काही मैत्रिणी म्हणतील, मग स्त्रियांचे आणि कामगारांचे हक्कच व्यापार कराराच्या दातांना जोडून टाका. हक्क मोडले तर माल घेऊ नका. नव्वदच्या दशकात 'सामाजिक कलम' म्हणून हा वाद झाला होता. १९९६ च्या सिंगापूर परिषदेत ठरलं की कामगारांचे मापदंड हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा विषय. मला आजही ते कलम नको वाटतं. कारण तक्रार करणार श्रीमंत देश, त्याच्या बाजारपेठेला गरज असेल तेव्हा, आणि शिक्षा बसणार मालावर. उद्या कुणी महाराष्ट्राच्या साखरेवर बंदी घातली तर पहिली उचल कुणाची बंद होईल? फडातल्या बाईचीच. बाईचा हक्क हे दुसऱ्याच्या जकातीचं हत्यार होऊ नये.

पण मग सरकार जेव्हा 'हा व्यापाराचा विषय नाही' म्हणतं, तेव्हा 'बरं, मग ज्याचा आहे तिथे तुम्ही काय केलंत?' हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. २०१७ साली ब्युनॉस आयर्सला ११८ देशांनी व्यापार आणि स्त्रियांचं आर्थिक सक्षमीकरण यावर जाहीरनामा काढला. भारताने त्यावर सही केली नाही. जगभरातल्या शंभराहून अधिक स्त्री-संघटनांनीही त्याला विरोध केला, कारण त्यात बायकांच्या नावाने व्यापारच मोकळा करायचा होता. विरोध दोघांचा, पण कारणं वेगळी. आणि २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात भारताने व्यापार आणि लिंगभाव समानता यावर चक्क एक प्रकरण मान्य केलं. मात्र त्या करारातली तंटा सोडवण्याची यंत्रणा या प्रकरणाला लागू नाही. पाहुण्यांसाठी बैठकीच्या खोलीत तसबीर लावावी तसं हे!

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याला जिनिव्हाला जायचं नाही, आधी मुंबई आणि दिल्लीला जायचं आहे. सौर प्रकरणाने दिलेला धडा हाच : जो आंतरराष्ट्रीय करार घरात कायदा झाला नाही, तो बाहेर कुणी कायदा म्हणून मानत नाही. तेव्हा पहिली मागणी, ऊसतोड बाईला स्वतःच्या नावाने कामगार म्हणून नोंद, मजुरी तिच्या हातात, आणि मुख्य मालक म्हणून कारखान्याची जबाबदारी, हे सगळं सीडॉच्या कलमांचा उल्लेख करून कायद्यात लिहिलं गेलं पाहिजे. असा कायदा असेल, तर उद्या एखादा देश त्यावर व्यापारी तक्रार घेऊन आलाच तरी बचावासाठी आपल्या हातात कागद असेल. दुसरी, कलम २९ वरची हरकत मागे घ्या आणि पुरवणी करार स्वीकारा. तिसरी, कोणताही व्यापार करार करण्याआधी त्याचा बायकांच्या कामावर, रेशनवर, औषधांवर काय परिणाम होईल याचा अहवाल जाहीर करा आणि तो संसदेत आणि विधिमंडळात मांडा. चौथी, भारत ज्या प्रकरणात जिनिव्हात बाजू मांडतो, त्या बाजूचा मसुदा आधी लोकांना दाखवा. कोळंबीच्या प्रकरणात बाहेरच्या संस्थांची निवेदनं वाचण्याचा अधिकार लवाद मंडळांना आहे असं अपील मंडळाने ठरवलं, तेव्हा आपलं सरकार विरोधात होतं. त्यात श्रीमंत देशांच्या संस्थांचाच आवाज मोठा होईल ही भीती खोटी नव्हती. त्यावर उपाय एकच आहे, आपल्या संघटनांनीही लिहायला शिकणं.

अपील मंडळ बंद पडलं आहे, ते पुन्हा कसं उभं करायचं यावर देशादेशांत चर्चा चालू आहे. नियम नव्याने लिहिले जातात तेव्हाच त्यात काही घालता येतं. डंकेलच्या वेळी आपल्या आधीच्या कार्यकर्त्यांनी पाचशे पानांचा इंग्रजी मसुदा फोडून त्याची मराठी पत्रकं केली होती. तेवढं काम पुन्हा करायचं आहे. येत्या हंगामाला टोळ्या निघण्याआधी प्रत्येक जिल्ह्यातल्या गटाने एका कारखान्याला आणि साखर आयुक्तांना एक पत्र जरी लिहिलं, 'तुमच्या तोडणीच्या यादीत बायकांची नावं किती?' एवढंच विचारलं, तरी सुरुवात होईल. उत्तर आलं नाही, तर तेही छापू.